झाडाला बांधून पाहिलेला डोंगा

त्या पावसाळ्यात आमच्या घरी एकच गोष्ट चालू होती. पोरगी घरी राहून शिकते, की हॉस्टेलात जाते. निंदण, फवारणी, आलागेला, सगळं होतच होतं, पण कुणी कुठूनही बोलायला लागलं तरी गाडी तिथंच येऊन थांबायची. थांबायची म्हणजे मीच थांबवायची, खोटं कशाला बोलू.

पोरगी दहावी झाली. आमचं गाव बेल्याकडं, नदीच्या तेलुगू राज्यातल्या काठाला, तिथं मराठी शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तेलुगूतून शिका, नाहीतर इंग्रजीतून. हिला मराठीतूनच शिकून मास्तरीण व्हायचं होतं. म्हणून नदीपलीकडं, महाराष्ट्रातल्या कॉलेजात नाव घातलं. कॉलेजाच्या पाण्याची टाकी आमच्या कोठ्यामागून दिसते, एवढं जवळ. पण मधे पैनगंगा. खाली बंधारा झाल्यापासून नदीत बाराही महिने खोल पाणी, आणि पुलावरून फिरून जायचं तर जाण्यायेण्यात दिवस संपतो. पहिला महिना तिच्या बाबांनी तिला मोटारसायकलवर नेलं-आणलं. तिचेही हाल, यांचेही हाल, आणि दुकान बंद. तिकडच्या हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, "एक खाट रिकामी आहे. पोळ्यापर्यंत ठेवते, मग दुसऱ्या मुलीला देईन."

मी नाही म्हटलं. एकुलतं एक लेकरू माझं. ती मावशीकडं दोन दिवस गेली तरी मला घर खायला उठतं. स्वयंपाकाला बसले की तव्यावर भाकर करपते, वावरात गेले की हातातलं खुरपं कुठं ठेवलं ते आठवत नाही. आता वर्ष-दोन वर्षं तिनं तिकडंच राहायचं? मी म्हणायची, मग मला तरी कशाला ठेवता इथं, मलाही द्या धाडून.

यांचं बेल्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचं आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. एका संध्याकाळी हे हात धूत होते, तेव्हा मी म्हटलं, "लोकाईचे टॅक्टर उभे करून देता. लेकीसाठी एक डोंगा नाई होत तुमच्यानं?"

"डोंगा म्हंजे काय कुकर हाय, शिटी लावली का झालं?"

"मंग राहू द्या. मी पोहत नेतो तिले."

हे हात पुसत आत गेले. पण दुसऱ्या दिवशी दुकानासमोर पत्र्याचा ढीग पडला, तेव्हा मी ओळखलं. यांचं असंच आहे, तोंडानं होय कधी म्हणणार नाहीत.

डोंगा, म्हणजे पत्र्याची नाव, पंधरवड्यात उभा राहिला. इंजिन घरचंच होतं, विहिरीवरचं जुनं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, विजेची मोटर आल्यापासून कोठ्यात पडलेलं. ते डोंग्याच्या पोटात बसवलं. त्याच्या मागं गेरबॉक्स, गेरबॉक्समधून एक लांब दांडा तळातून आरपार पाण्यात, आणि दांड्याच्या टोकाला पंखा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा यांनी ऑटोरिक्षाचा गेरबॉक्स लावून पाहिला, तर जळक्या तेलाचा वास पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. मग काकीनाड्याच्या एका दुकानातून बोटीचाच गेरबॉक्स मागवला. इंजिनाचे दोन फेरे झाले की पंख्याचा एक व्हावा, असा. त्या दुकानवाल्यानं सोबत दोन पंखे धाडले. जो जमेल तो ठेवा, दुसरा परत करा म्हणाला.

इथंच माशी शिंकली.

एक पंखा मोठा, रुंद पात्यांचा, पण पाती सपाटशी. दुसरा लहान, पण त्याच्या पात्यांना पीळ जास्त. पीळ म्हणजे, पंखा एक फेरा फिरला की पाण्यात किती पुढं सरकेल, ते. स्क्रूचे आटे जवळजवळ असले तर तो हळूहळू आत शिरतो, लांबलांब असले तर भरभर, तसं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की एक मोठा आहे आणि एक लहान, आणि लेकीला मोठाच पाहिजे.

निवडायचा कसा, यावर यांची आणि सासऱ्यांची आधी जुंपली. माझे सासरे बैलांचे दर्दी. गुडीहत्नूरपासून बोथपर्यंत कुणालाही जोडी घ्यायची झाली की बाजारात यांना सोबत नेतात. बाजारात बैल कसा पाहतात, ते आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. गाडीच्या चाकांत दांडा घालून चाकं बांधून टाकायची, वर चार माणसं बसवायची आणि जोडीला हाकायचं. गाडी हलणार नाहीच. बैल मान टाकतो का, गुडघे टेकतो का, की जीव तोडून ओढतो, ते पाहायचं.

सासरे म्हणाले, "बांधून पाह्यल्याबिगर जनावर घेऊ नये. डोंगा झाडाले बांध आन् चालव. जो पंखा दोर तानंन, तो आपला."

आणि सांगते, आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. यांना पटलं, मला पटलं, बघायला जमलेल्या अर्ध्या गावाला पटलं. बैलाला जे लागू ते इंजिनाला का लागू नसावं? दोघंही ओढायलाच तर असतात.

घाटावरच्या करंजीला जाड दोर बांधला. आधी लहान पंखा लावला. यांनी रेसची दांडी वाढवली तसं इंजिन घुसमटलं, खॉक खॉक करत काळा धूर ओकायला लागलं, आणि आवाज काही चढेना. सासऱ्यांनी हात हलवला. "फुसकं जनावर. दम टाकून राह्यलं."

मग मोठा लावला. काय सांगू! इंजिन गायला लागलं. डोंग्यामागं पाणी उकळल्यासारखं उसळलं, दोर काठीसारखा ताठ झाला आणि करंजीची पानं खाली टपटप गळायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सासरे मिशीत हसले. यांनी लहान पंखा परत धाडायला पोत्यात बांधून ठेवला, मी नारळ फोडला, डोंग्याला हळदकुंकू लावलं, आणि हॉस्टेलच्या खाटेवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

पोळा तोंडावर आला होता. वर पाऊस झालेला, बंधाऱ्याची दारं उघडलेली, नदी चांगली धावत होती. हे म्हणाले, थांबू दोन दिवस. थांबायचं कसं? खाट पोळ्यापर्यंतच होती ना! हॉस्टेलच्या बाईंना सांगायचं होतं, आमची पोरगी रोज ये-जा करते, द्या कुणाला द्यायची ती. मीच टुमणं लावलं. मग हे आणि पोरगी दोघंच निघाले, अंगात ते नारंगी फुगीर जाकीट घालून. मी घाटावर.

काठाकाठानं डोंगा झकास गेला. मी पदरानं तोंड पुसलं. मग तो धारेत शिरला आणि थांबला.

थांबला म्हणजे इंजिन बंद पडलं नाही हो. इंजिन कोकलत होतं, आवाज दोन्ही काठांवर घुमत होता, मागं पाणी उसळत होतं, आणि डोंगा पलीकडं जाण्याच्या नावानं शून्य. नाक वर करून जागच्या जागी उभा, आणि आडवा आडवा खाली चाललेला. मी पळत सुटले. काठानं कपाशीची पऱ्हाटी, कमरेएवढी, चिखल घोट्यापर्यंत. लुगडं फाटलं, चप्पल कुठं गेली कळलं नाही. "अवो, वळवा! वळवा माघारी!" मी बोंबलत होते, आणि त्या इंजिनापुढं माझा आवाज मलाच येत नव्हता. आणि आमची कन्या? डोंग्याच्या काठाला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं इंजिनाचा व्हिडिओ काढत होती.

खाली नदी वळते तिथं रेतीवर डोंगा आपल्याच काठाला टेकला. मी पोचले तेव्हा दोघं उतरून उभे होते, कोरडे ठणठणीत. मी पोरीला आधी छातीशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, आणि मग यांच्याकडं वळले.

"एवढी बोंबाबोंब आन् पाऊल पुढं नाई! पयल्या गेरात टॅक्टर टाकून नागपूरले निंगाले होते का तुमी?"

हे इंजिनाकडं बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "काय म्हनली तू?"

"आता काय वाढून म्हनू?"

"नाई, गेराचं."

मी रागात बोलले होते, पण बोललेलं खरं होतं. पहिल्या गेरात ट्रॅक्टर चिखलातून काहीही ओढून काढेल, पण सडकेवर कितीही रेस केला तरी चालणार बैलाच्याच चालीनं. मोठ्या सपाट पंख्याचं तेच झालं होतं. एका फेऱ्यात तो पुढं सरकणार थोडासाच, इंजिनाचे फेरे तर शेवटाला लागले, आता वेग आणायचा कुठून? नदी त्याच्याहून जोरात धावत होती.

दुसऱ्या दिवशी यांनी काकीनाड्याला फोन लावला आणि पोरीचा व्हिडिओ धाडला. आमच्या यांची हिंदी म्हणजे अर्धी मराठी, तिकडच्याची अर्धी तेलुगू, तरी दोघांचं जमलं. आम्ही दोर बांधून कसं पाहिलं ते यांनी सांगितलं. मग तो म्हणाला, "अरे भाई, बांध के तो गलत पंखाच पास होगा. माल भरो, चलाओ, फिर देखो."

मग त्यानं समजावलं. डोंगा जागेवर बांधलेला असला की पंख्यापुढं पाणी उभंच असतं, तेव्हा जास्त पिळाचा पंखा इंजिनाला जड जातो. डोंगा चालायला लागला की समोरून पाणी येतं आणि तोच पंखा हलका होतो. खरी परीक्षा भरल्या डोंग्यानं, मोकळ्या पाण्यात, दांडी शेवटापर्यंत टाकून. इंजिन आपल्या पुऱ्या फेऱ्यांपर्यंत नेमकं चढलं पाहिजे. आधीच चढून बसलं तर पंखा हलका, चढलंच नाही तर जड. इंजिन, गेरबॉक्स आणि पंखा, तिघांची सोयरीक जुळली तर संसार, नाहीतर रोजची कटकट.

सासऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. "जिंदगी गेली माही बैल पाह्यता पाह्यता," असं म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले आणि जेवायलाही तिसऱ्या हाकेला आले.

पोत्यातला लहान पंखा निघाला. लावून पाहिला तर डोंगा पळाला, पण भरलेला असताना इंजिन थोडं कमी पडत होतं, धुरात काळी छटा होती. यांनी पंखा काढला आणि ग्राइंडरनं पात्यांची टोकं जराजरा उतरवली, तिन्ही सारखी. मग दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर त्यांच्या कडांवर उभ्या केल्या आणि पंख्यात दांडा घालून त्यांच्यावर ठेवला. जड पातं आपोआप खाली येतं. ते थोडं घासायचं, पुन्हा ठेवायचं. मला त्या वेळी घरात बसवत नव्हतं, सासऱ्यांचा रुसवा, पोरीचं गप्प गप्प राहणं, पोळ्याची पुरणाची डाळ, कशातच लक्ष नाही. म्हणून मी दुकानात जाऊन बसले आणि कोणतं पातं खाली येतं ते सांगत राहिले. शेवटी पंखा जसा ठेवला तसा राहायला लागला. मला वाटलं, आता माझंही मन असंच ठरेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रेतीची पोती भरून डोंगा लोटला. फेरे मोजायचं मीटर घेऊन हे इंजिनापाशी वाकलेले, म्हणून सुकाणू आणि दांडी माझ्या हातात. वजनाला सासरे. म्हणजे ते म्हणाले वजनाला, पण त्यांना पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं, हे काय मला कळत नाही?

"टाक पुरा," हे ओरडले. मी दांडी शेवटाला लावली. आवाज चढत गेला, चढत गेला आणि नेमका एका जागी ठरला. धूर दिसेना. धार आली, डोंगा जरा डुलला आणि सरळ कापत निघाला. यांनी मीटर माझ्यासमोर धरलं, जणू मला त्यातलं कळतच होतं! पण यांचं तोंड बघून कळलं. पलीकडचा काठ इतक्या लवकर अंगावर आला की मी घाबरून दांडी मागं ओढली.

सासरे उतरले, पंख्याकडं वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "लहान हाय, पन चालीचा हाय." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे आमच्या घरी दिवाळीच.

मी घरी आले ती उडतच. पोरगी चुलीपुढं बसून पुरण वाटत होती. मी म्हटलं, "लाव फोन त्या हॉस्टेलच्या बाईले. सांग, खाट नाई लागत म्हना. आपला डोंगा झाला."

तिनं हात धुतले. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आई, मी त्याईले होय म्हनून बसली."

"कवा?"

"डोंगा वाहत गेला ना, त्याच दिसी."

मी म्हटलं, "भेव वाटलं म्हनून? अवं, आता कायचं भेव? आता पाह्य जाऊन कसा पळते."

"भेव नाई वाटलं. मले तठी राहाचं हाय. तवाही राहाचं होतं. कोनी विचारलंच नाई."

"मंग बोलली काऊन नाई? बाप रातदिवस लोखंड घासून राह्यला तवा तोंडात काय मूग भरले होते?"

"तू ऐकून घेतलं असतं?" ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "आई, म्या तुले पाह्यलं डोंग्यातून. पऱ्हाटीतून पळताना. डोंगा कितीबी चांगला झाला तरी तू रोज सकाळी घाटावर उभी राह्यशीन आन् रोज सांजच्याले उभी राह्यशीन. मले मालूम हाय. तठी कशी अभ्यास करन मी?"

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. पुरणाचं पातेलं मी आदळलं. पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळले, सगळ्यांना वाढलं, तिला वाढताना मात्र बोलले नाही. यांना विचारलं, "तुमाले ठाऊक होतं?" तर हे म्हणाले, "मले वाटत होतं." वाटत होतं! मग कशाला केली एवढी घासाघीस? तर म्हणतात, "तू म्हनली होती ना." त्यांच्यावरही रागावले. रागावून झालं की पुन्हा कुणावर तरी रागवायचं. पोरगी शांतपणे तिचे कपडे घड्या करत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद ती माझ्यापासून लपवत होती, आणि ते मला जास्त लागत होतं.

जायच्या दिवशी यांनी पेटी डोंग्यात ठेवली, वळकटी ठेवली आणि सुकाणूकडं निघाले. मी म्हटलं, "सरका. मी नेतो माह्या लेकीले."

ती पुढं बसली, पेटीवर हात ठेवून, पलीकडं तोंड करून. मी गेर टाकला आणि दांडी वाढवली. काय चालायला लागला होता तो डोंगा! ना धूर, ना धडधड. कॉलेजाची टाकी मोठी मोठी व्हायला लागली. पलीकडच्या काठावरची माणसं ओळखू यायला लागली. एवढी खटपट करून आम्ही तो काठ इतका जवळ आणून ठेवला होता की मला तिला एक शब्द सांगायलाही फुरसत नव्हती. माझा हात आपोआप मागं आला. इंजिनाचा आवाज उतरला.

ती वळली. "काऊन कमी केलं?"

"तापून राह्यलं थोडं."

तिनं वाकून बाजूच्या नळीकडं पाहिलं. इंजिन गार करून आलेलं पाणी तिथून बदाबदा पडत होतं, कोमट. शेवटी लेक कुणाची. तिनं त्याच्याखाली हात धरला, माझ्याकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरलेले दिसले. पण आवाज सरळ होता.

"नाई तापलं आई. जोरात घे ना, मले उशीर होऊन राह्यला."

मी दांडी शेवटापर्यंत लोटली.